जिप्सम टाकले, तरी रान का सुधारले नाही?
मूलद्रव्यांचा तक्ता शेतकऱ्याला काय सांगतो



मागच्या हंगामात एक जुने सभासद शेतकी कार्यालयात आले. नदीकाठचे त्यांचे दोन एकर रान एके काळी गावात नावाजलेले होते. आता तिथे पाणी मुरत नाही, वापसा येत नाही आणि वाळले की ढेकूळ कुदळीने फुटत नाही. खुर्चीवर बसायच्या आधीच ते म्हणाले, "सायेब, तुमी सांगितलं म्हणून पोत्यानं जिप्सम टाकलं. पैका गेला, मजुरी गेली, रान हाय तसंच. त्यापरीस चुना टाकला असता तर स्वस्तात पडलं असतं. जिप्सम म्हंजे तरी काय, चुन्याचाच भाऊ न्हवं?"

प्रश्न रास्त होता. जिप्समही कॅल्शियमचे आणि चुनाही कॅल्शियमचाच. मग एक का टाकायचा आणि दुसरा का नाही? आणि योग्य ते टाकूनही गुण का आला नाही? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आपल्या मुलांच्या शाळेत भिंतीवर टांगलेले असते. त्या तक्त्याला आवर्तसारणी म्हणतात. मुले ती पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण ती नीट वाचता आली, तर कोणते मूलद्रव्य कसे वागेल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

भावकीचा तक्ता

सन १८६९ मध्ये रशियातील रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी हा तक्ता मांडला. तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. त्यांनी ती वजनाच्या चढत्या क्रमाने लावली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ठराविक अंतराने तोच स्वभाव पुन्हा पुन्हा येतो. मग सारख्या स्वभावाची मूलद्रव्ये त्यांनी एकाखाली एक अशी उभ्या रांगेत बसवली. या उभ्या रांगेला 'गण' म्हणतात. आपण तिला भावकी म्हटले तरी चालेल.

खरी कमाल पुढेच आहे. जिथे स्वभाव जुळेना, तिथे मेंडेलीव्ह यांनी जागा रिकामी सोडली आणि सांगितले की इथले मूलद्रव्य अजून सापडायचे आहे. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या जागेला त्यांनी आपल्या संस्कृतातला 'एक' हा शब्द लावून 'एका-ॲल्युमिनियम' असे नाव दिले. त्याची घनता ५.९ च्या आसपास असेल, असेही सांगितले. पुढे १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ते मूलद्रव्य सापडले. त्याला गॅलियम म्हणतात. शोधणाऱ्याने घनता मोजली ती ४.७ भरली. मेंडेलीव्ह यांनी गॅलियम डोळ्यांनीही पाहिले नव्हते, तरी त्यांनी कळवले की मोजमापात चूक असावी, पुन्हा मोजा. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजला आणि घनता ५.९ आली! १८८६ मध्ये जर्मेनियमही त्यांच्या भाकिताप्रमाणेच सापडले.

आज या तक्त्यात ११८ मूलद्रव्ये आहेत. ती आता वजनाने नव्हे, तर अणुअंकाने लावतात. अणुअंक म्हणजे अणूच्या केंद्रातील प्रोटॉनची संख्या. अणूत तितकेच इलेक्ट्रॉन केंद्राभोवती थराथरांनी असतात.

सगळा खेळ बाहेरच्या थराचा

अणूचा स्वभाव मुख्यतः बाहेरच्या थरावर ठरतो. सोडियमचा अणुअंक ११. त्याचे इलेक्ट्रॉन २, ८ आणि १ असे बसतात. पोटॅशियमचा १९, त्याचे २, ८, ८ आणि १. दोघांच्याही बाहेरच्या थरात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून दोघे पहिल्या गणात. मॅग्नेशियम (२, ८, २) आणि कॅल्शियम (२, ८, ८, २) यांच्या बाहेरच्या थरात दोन, म्हणून ते दुसऱ्या गणात. क्लोरीनच्या (२, ८, ७) बाहेर सात आहेत, आठ पुरे व्हायला एक कमी.

बाहेर आठ झाले की अणू स्थिरावतो. त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट देण्याघेण्याची. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित होतो आणि दोघे एकमेकांना ओढून धरतात. हा आयनिक बंध. मीठ असेच बनते. पालाशासाठी आपण वापरतो ते म्युरेट ऑफ पोटॅशही तसेच, फक्त सोडियमच्या जागी त्याचा भाऊबंद पोटॅशियम.

दुसरी वाट सावडीची. दोघा शेतकऱ्यांकडे एकेकच बैल असला, तर दोघे मिळून जोडी करतात आणि ती दोघांच्याही रानात चालते. तसे दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन घालून जोडी करतात आणि ती दोघांची मानतात. हा सहसंयुज बंध. आपल्या उसातली साखर या सावडीवर उभी आहे. तिच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असे बांधलेले असतात. म्हणून साखर पाण्यात विरघळली तरी तिचे आयन होत नाहीत आणि त्या पाण्यातून वीज वाहत नाही. मिठाच्या पाण्यातून मात्र वाहते. माती परीक्षणात 'विद्युत वाहकता' मोजतात ती याचसाठी. वाहकता जास्त, तर मातीत विद्राव्य क्षार जास्त.

एक हात आणि दोन हात

आता रानाकडे वळू. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून धनभारित आयन त्यांना चिकटून राहतात. कॅल्शियमवर दोन धनभार, सोडियमवर एकच. कॅल्शियम जणू दोन हातांनी कणांना जवळ ओढून धरतो. माती रवाळ राहते, पाणी मुरते, मुळांना हवा मिळते. सोडियमचा हात एकच आणि भोवती पाण्याचा जाड वेढा. त्यामुळे कण सुटे होतात, फुगतात आणि मातीतली छिद्रे बुजवतात. ही चोपण जमीन. मातीला चिकटलेल्या आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला आणि सामू ८.५ च्या वर चढला, की ती चोपण धरतात.

हे आपल्या चुलीपाशीही दिसते. विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून घरातली बाई चिमूटभर सोडा टाकते. डाळीच्या पेशी कॅल्शियमने एकमेकींना घट्ट धरलेल्या असतात. सोडियमचा सोडा पडला की ती पकड सैल होते आणि डाळ विरघळते. डाळीला हे बरे, पण रानाची अशी डाळ झाली की ऊस बसलाच म्हणायचा.

भावकीचा दुसरा गुण याहून महत्त्वाचा. पहिल्या गणाचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात सहज विरघळतात, ते खाली बसत नाहीत. दुसऱ्या गणातल्या कॅल्शियमचे कार्बोनेट, फॉस्फेट आणि सल्फाइट मात्र फार थोडे विरघळतात, साका होऊन बसतात. रानात पाणी साचून उन्हाने आटले, की कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला पडतो आणि पाण्यात सोडियमचाच वरचष्मा राहतो. वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिले आणि निचरा नसला, की रान चोपण होते ते असे.

कारखान्यातही तोच नियम

आपल्या उसाचा रस मुळात आम्लधर्मी असतो. त्यात आपण चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर देतो. कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटला आणि धुरातून आलेल्या सल्फाइटला धरून साका करतो. तो साका घाण घेऊन खाली बसतो, तेच आपले प्रेसमड. पण रसातले सोडियम आणि पोटॅशियम चुन्याला दाद देत नाहीत. ते रसाबरोबर पुढे जातात आणि शेवटी मळीत उतरतात. जाताना थोडी साखरही दाणा होऊ न देता मळीत अडकवून ठेवतात. म्हणजे खारवट रानातला ऊस तुमचे टनेज तर कमी करतोच, शिवाय सर्वांच्या उताऱ्यालाही धक्का लावतो.

मग चुकले कुठे?

त्या सभासदांचा पहिला प्रश्न, चुना का नाही? चुनखडी लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याइतकीच विरघळते आणि सामू चढलेल्या मातीत तर त्याहून कमी. विरघळलेच नाही, तर कॅल्शियम मातीच्या कणापर्यंत पोहोचणार कसा? भट्टीचा चुना टाकला तर सामू आणखी वर चढतो. चुना कोकणातल्या आम्ल जमिनीला योग्य, आपल्या चोपण रानाला नव्हे. जिप्सम मात्र लिटरला दोन-अडीच ग्रॅम विरघळते आणि सामूही वाढवत नाही.

दुसरा प्रश्न, गुण का आला नाही? जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावर बसला आणि सोडियमला त्याने हुसकावले. हुसकलेल्या सोडियमचे सल्फेट झाले. आता ते पहिल्या गणातले, म्हणजे खाली बसणार नाही. पाणी जाईल तिकडे जाणार आणि पाणी थांबले तर तिथेच थांबणार. आम्ही विचारले, "पाटील, चर काढला होता का?" ते म्हणाले, "न्हाई. खालच्या अंगाला दुसऱ्याचं रान हाय." झाले! पाहुणा दारातून काढला आणि अंगणातच बसवला. जिप्सम वाया गेले नव्हते, काम अर्धेच राहिले होते. चूक आमचीही होती. जिप्सम सांगताना चराचे आम्ही ठासून सांगितले नव्हते.

म्हणून सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. माती आणि विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय जिप्सम आणू नये. रान नुसते खारवट असेल, तर निचरा आणि गोड्या पाण्याने क्षार धुणे हाच उपाय आहे. जिप्सम चोपण रानासाठी. किती टाकायचे ते अहवालावरून ठरते, शेजाऱ्याच्या पोत्यांवरून नव्हे.

२. आधी चर, मग जिप्सम. ते वरच्या १० ते १५ सेंटिमीटर थरात नीट मिसळावे आणि त्यावर चांगले पाणी मुरवून सोडियम धुऊन काढावा.

३. मातीत चुनखडी भरपूर असेल, तर गंधकही चालते. जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडीतला कॅल्शियम मोकळा करते. मात्र याला वेळ लागतो.

४. चांगले कुजलेले प्रेसमड, शेणखत आणि ताग-धैंचाचे हिरवळीचे खत घालावे. पाणी मोजून द्यावे.

तक्ता मूलद्रव्याचा स्वभाव सांगतो, खताचा डोस सांगत नाही. सोडियम आणि पोटॅशियम एकाच भावकीतले, पण उसाला पोटॅशियम भरपूर लागते आणि सोडियम नकोसे असते. भाऊ झाले तरी दोघांना एका तागडीत तोलता येत नाही.

त्या सभासदांनी खालच्या दोघा शेतकऱ्यांशी बोलून ओढ्यापर्यंत तिघांचा मिळून चर काढला. यंदाच्या पावसाळ्यात त्यांच्या रानात पाणी मुरताना दिसले. रान पुरते सुधारायला अजून काही वर्षे लागतील. पण एका गोष्टीची खूण पटली. सोडियम एका रानातून निघाला, तर तो दुसऱ्याच्या रानात साठता कामा नये, थेट ओढ्याला लागला पाहिजे. हे एकट्याने होत नाही. चराचे काम बांधावर भांडून नव्हे, बांध ओलांडून, सगळ्यांनी मिळूनच करावे लागते.