आल्टोच्या रांगेतली चार वर्षं

अमेरिकेतल्या हायस्कुलात क्वायर, म्हणजे समूहगायन, हा गणितासारखा रोजचा तास असतो. वेळापत्रकात त्याची जागा असते, प्रगतिपुस्तकात त्याचे गुण असतात. गॅदरिंगच्या आधी महिनाभर शेवटच्या तासाला मुलं गोळा करून बसवलेलं गाणं, असा तो प्रकार नव्हे. माझी मुलगी २०१८च्या ऑगस्टमध्ये डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात नववीत गेली आणि २०२२च्या मे महिन्यात बारावी संपवून बाहेर पडली. मधली चार वर्षं ती आल्टोच्या, म्हणजे मुलींमधल्या खालच्या आवाजांच्या, रांगेत उभी होती आणि मी पालकांच्या बूस्टर क्लबमध्ये. लांब काळ्या ड्रेसना दुमड घालणं, बसमध्ये डोकी मोजणं, पिझ्झाचे खोके उचलणं ही आमची सेवा. पण मी स्वतः गांधर्व मंडळाच्या परीक्षा दिलेली, घरात पेटी असलेली बाई. त्यामुळे दुमड घालतानाही कान तालमीच्या खोलीत असायचा.

टेक्ससमध्ये शालेय संगीताची व्यवस्था फार जुनी आणि फार कडक आहे. टेक्सस म्युझिक एज्युकेटर्स असोसिएशन ही शिक्षकांची संघटना १९२० सालची. तिच्या ऑल-स्टेटच्या, म्हणजे राज्यभरातून निवडलेल्या समूहांच्या, निवडीला दरवर्षी ७०,०००हून जास्त मुलं उतरतात आणि बँड, ऑर्केस्ट्रा, क्वायर मिळून एकोणीसशेच्या आसपास निवडली जातात. क्वायरच्या मुलांसाठी रीजन, प्री-एरिया, एरिया अशा पायऱ्या असतात; पहिली सप्टेंबर-ऑक्टोबरात, शेवटची जानेवारीत. त्या सगळ्या चढून गेलेल्यांना फेब्रुवारीत सॅन अँटोनियोच्या अधिवेशनात गाता येतं. गाणी उन्हाळ्यातच जाहीर होतात, म्हणून जुलैत विद्यापीठांमधून शिबिरं भरतात. गाणी पाठ असावी लागतातच असं नाही, पण त्यातला कुठला तुकडा गायचा हे ऐनवेळी कळतं, तेव्हा सगळंच तयार ठेवावं लागतं. परीक्षकांना मूल दिसत नाही. नाव नाही, शाळा नाही. एक क्रमांक असतो आणि आवाज असतो. बोलायलाही बंदी, कारण बोलण्यावरून ओळख पटू शकते.

ही पडद्याआडची परीक्षा मला आजही फार आवडते. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये परीक्षकांच्या पाया पडून गायला बसणारी मुलं पाहिलेली असल्यामुळे असेल.

नववीतल्या पहिल्या ऑडिशनला मुलगी खालच्याच पायरीवर अडली, आणि कारण घरचं निघालं. ती लहानपणापासून माझ्या शेजारी बसून सरगम म्हणायची. त्यामुळे सुराला पक्की, पण प्रत्येक स्वरावर खालून अलगद यायची. आपल्या घरी त्याला कौतुकाने मींड म्हणतात. इथे तो दोष, गुण कापण्याचा. स्वर हवा तिथे थेट लागला पाहिजे, कारण शेजारच्या वीस मुलींनाही त्याच क्षणी तिथेच यायचं असतं. प्रत्येकीने आपापल्या मींडेने यायचं ठरवलं तर स्वर लागायच्या आधी चिखल होतो. क्वायरच्या बाईंनी तिला हे कधी रागावून सांगितलं नाही. तिला एका ठणठणीत, भावनाशून्य गाणाऱ्या मुलीच्या शेजारी उभं केलं आणि म्हणाल्या, हिच्यात तुझा आवाज मिसळेपर्यंत गा. दोन महिने लागले.

दुसरी गंमत सरगमचीच. इथली मुलं डो-रे-मी म्हणतात आणि हाताच्या खुणांनी प्रत्येक स्वर दाखवतात. इंग्लंडच्या सेरा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांच्यापासून चालत आलेली, पुढे हंगेरीत कोदाय या संगीतकाराच्या पद्धतीने उचललेली रीत. यातला डो आपल्या सा-सारखाच सरकता. पट्टी कुठलीही घ्या, घर तेच. मुलगी खूश होती, की हे तर आपलंच. मग मायनरमधलं गाणं आलं आणि घर धैवतावर गेलं. इथे मायनरला ‘ला’वर मुक्काम करतात, डो तिथेच राहतो. षड्जाला सोडून धैवताला घर मानायचं हे तिला महिनाभर पचलं नाही. मी तिला मूर्च्छनेची कल्पना समजावून सांगितली. तिला ती कळली की नाही ठाऊक नाही, पण ‘ला’ लागायला लागला. लॅटिन शब्दांच्या बाबतीत मात्र मराठी तोंडाचा फायदा झाला. अमेरिकन मुलांचा ‘त’ हवा सोडत येतो. हिचा दातांवर सरळ पडतो. उच्चारांसाठी बाई तिला पुढे उभी करायच्या. पुढे रीना इस्माइल या भारतीय वंशाच्या अमेरिकन संगीतकार बाईंचं ‘तरेकिट’ हे बोलांवर रचलेलं गाणं बसवलं, तेव्हा तर त आणि ट वेगळे काढून दाखवण्याचं काम महिनाभर तिच्याकडेच होतं.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते मागच्या रांगांनी. त्या शाळेत एकच क्वायर नव्हता. सर्वांत वरचा निवडक, त्याखाली मुलींचे दोन, आणि तळाला नव्या मुलांचा एक, ज्यात नुकताच आवाज फुटलेली, फुटबॉलच्या सरावातून घामेजून येणारी पोरं. आपल्याकडे मुलाचा आवाज फुटला की गाणं थांबतं. घरातले म्हणतात, बसू दे आवाज, मग बघू. इथे त्या वयातल्या पोराला जेवढे पाच-सहा स्वर उरले असतील तेवढ्यांचीच ओळ देतात. वर्षअखेरीस ती पोरं टेनर किंवा बेस म्हणून कुठेतरी ठरतात. यातल्या प्रत्येक क्वायरला रोजचा तास, रोज नजरेखालून नवं स्वरलेखन, आणि वर्षाला चार कार्यक्रम. कुठल्याही विषयात ७०च्या खाली गेलं तर राज्याच्या १९८४च्या कायद्याप्रमाणे स्पर्धेला जाता येत नाही, म्हणून बाई भूमितीच्या मार्कांचीही चौकशी करत फिरायच्या.

माझ्या शाळेत स्वागतगीताला पाच-सहा चांगले गळे निवडायचे आणि बाकीच्यांना उंचीप्रमाणे उभं करायचं, अशी पद्धत होती. मी त्या बाकीच्यांत होते. गाण्याच्या बाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. गाण्याच्या परीक्षा मी दिल्या त्या नंतर, काहीशा त्या रागानेच. त्यामुळे टेक्ससच्या त्या खोलीत मध्यम गळ्याच्या, कणसूर होणाऱ्या, लाजऱ्या पोरींना रोज तासभर कुणीतरी गंभीरपणे शिकवतं आहे, हे मला आधी आश्चर्याचं वाटे आणि नंतर हेवा वाटण्याजोगं. लांब ओळीत श्वास कुठे घ्यायचा हे शेजारणींनी आपसांत ठरवायचं, म्हणजे एकीचा श्वास तुटला तरी ओळ तुटत नाही. एकट्याने गाणाऱ्याला श्वास चोरावा लागतो. इथे तो वाटून घेता येतो.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्यांना मात्र एकच प्रश्न असे, ऑल-स्टेट झाली का? कॉलेजच्या अर्जात त्याला वजन आहे म्हणे. दहावीत ती रीजनच्या क्वायरमध्ये निवडली गेली, एका शनिवारी अनोळखी शाळांच्या मुलांबरोबर गाऊन आली, आणि मंडळात आमची जराशी पत वाढली. प्रश्न तोच राहिला.

मग २०२०चा मार्च आला, आणि कोरोना. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली क्वायरची १० मार्चची तालीम सगळ्या जगाने वाचली. ६१ जण अडीच तास गायले, ५३ आजारी पडले, दोघे गेले. त्याच आठवड्यात टेक्ससच्या शालेय स्पर्धा थांबल्या आणि त्या वर्षी पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. एकत्र गाणं हीच आता धोक्याची गोष्ट होती. नंतर कोलोरॅडो आणि मेरिलँडच्या विद्यापीठांनी गाताना तोंडातून उडणारे सूक्ष्म कण मोजले. त्यांच्या सल्ल्याप्रमाणे मास्क, सहा फूट अंतर आणि अर्ध्या तासाची तालीम एवढ्यावर ऑगस्टपासून शाळा पुन्हा उघडली. अर्धी मुलं पडद्यावर, अर्धी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून. पडद्यावर एकत्र गाता येत नाही; आवाज पोहोचायला लागणारा क्षणाचा उशीर ताल मोडायला पुरेसा असतो. म्हणून सगळे आवाज बंद करून प्रत्येकाने घरी एकट्याने गायचं. संगीतकार एरिक व्हिटेकरने २०१०मध्ये १८५ जणांचे घरबसल्या केलेले व्हिडिओ जोडून आभासी क्वायर उभा केला होता, आणि आम्हीही तेव्हा तो कौतुकाने पाहिला होता. आता शाळेनेही तसा एक केला. दिसायला छान झाला. पण त्यात कुणी कुणाला ऐकलेलं नव्हतं. प्रत्येकीने कानात ईअरफोन लावून आपली ओळ म्हटली आणि संगणकाने ती नीट केली.

ऑडिशनही ध्वनिमुद्रणावर गेल्या. मुलगी कपड्यांच्या कपाटात उभी राहून गायची, कारण घरात तीच एक शांत जागा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. भाऊ मिक्सर लावायचा, शेजारचा गवत कापायचा, की पहिल्यापासून. पडद्याआडच्या खोलीत सगळ्यांना एकदाच संधी असते आणि सगळ्यांच्या आवाजाला तीच खोली मिळते. ती समानता त्या वर्षी गेली. ज्याच्या घरी चांगला माइक आणि मोठं घर, त्याचा आवाज बरा. फेब्रुवारी २०२१चं अधिवेशनही ऑनलाइन झालं. त्याच सुमारास बर्फाचं वादळ येऊन टेक्ससची वीज गेली आणि आमच्या घरात काही दिवस गाण्याचा विषयच निघाला नाही.

बारावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा नववीत आलेल्या मुलींनी सातवी-आठवीचा बराच भाग मास्कमध्ये किंवा पडद्यासमोर काढलेला होता. आवाज बरे होते, वाचन अगदी कच्चं. शेजारणीचा आवाज ऐकू आला की गोंधळून गप्प व्हायच्या. बाई म्हणाल्या, या मुलींना गाण्यापेक्षा एकत्र उभं राहायचीच सवय राहिलेली नाही. त्यातल्या दोघी-तिघी तर चक्क ओठ हलवत होत्या. ते मला मागच्या रांगेतून दिसलं, बाईंना नंतर.

माझी मुलगी त्या शरदात ऑडिशनच्या पायऱ्या चढतही होती आणि जेवणाच्या सुट्टीत या मुलींना घेऊन बसतही होती. तिची रीत साधी होती. चार मुली, चार ओळी, पियानो नाही. एकदा डोचा मेळ ऐकायचा, अर्धं मिनिट मोठ्याने चाचपडायचं, आणि गायचं. ऑडिशनच्या खोलीतला साइट-रीडिंगचा, म्हणजे न पाहिलेलं स्वरलेखन वाचून गाण्याचा, नियम तिने तसाच उचलला होता. फरक एवढाच, की चुकलं तर थांबायचं नाही, शेजारणीकडून सूर उचलून पुढे जायचं. ऑडिशनमध्ये हे करता येत नाही, तिथे शेजारीण नसते. एरियापर्यंत ती पोहोचली आणि जानेवारीत, ओमायक्रॉनच्या लाटेत, तिथेच थांबली. त्या संध्याकाळी ती रडली नाही असं नाही. मंडळातला प्रश्न मी परस्पर निकालात काढला.

मार्चअखेरीस युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीगची समूहगायनाची स्पर्धा होती. ही वेगळी. तीन परीक्षक मंचावर, तीन साइट-रीडिंगच्या खोलीत, गुण १ ते ५, आणि १ सर्वोत्तम. दुसऱ्या खोलीत न पाहिलेलं स्वरलेखन समोर ठेवतात. दिग्दर्शकाला समजवायला ठरावीक मिनिटं, गाताना पियानोचा आधार नाही. त्या खोलीत पालकांना थांबायला जागा असेल तर थांबता येतं, आणि मी थांबले. नव्या मुलींच्या क्वायरची पाळी. बाईंनी हाताने ताल दाखवला, अवघड उडी असलेल्या जागी बोट ठेवलं, आल्टोंकडे पाहून ‘ला’ची खूण केली. गाणं सुरू झालं. तिसऱ्या ओळीत आल्टो डळमळल्या, मग सावरल्या, आणि कुणी थांबलं नाही.

निकाल आला तो असा: मंचावर २, साइट-रीडिंगला १. तीन-तीन परीक्षकांचे कागद बाईंनी बसमध्ये वाचून दाखवले. २ का मिळाला यावर कुणी वेळ घालवला नाही, कारण मागच्या बाकांवर वाद रंगला होता, की तिसऱ्या ओळीत आल्टो उतरल्या म्हणून सूर गेला की सोप्रानो चढल्या म्हणून. शेवटी एकीने डो लावला, आणि महामार्गावर, पिझ्झ्याचे खोके मांडीवर घेऊन, दोन्ही बाजूंनी ती ओळ पुन्हा गाऊन पाहिली. सोप्रानो चढल्या होत्या.