इटलीसाठी रेल्वेचा पास? आधी बेरीज करा

‘एकटाच इटलीला निघालोय, बजेट बेताचं आहे,’ असं कुणी म्हणालं की पुढचा सल्ला ठरलेला: ‘रेल्वेचा पास काढून टाक, स्वस्तात होईल.’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणारा तिकिटांचे दर बघायच्याही फंदात पडत नाही. मला याचाच राग येतो. एकट्या प्रवाशाचा खर्च वाटून घ्यायला दुसरं कुणी नसतं आणि नेमकं त्यालाच आपण नको असलेली वस्तू आगाऊ पैसे भरून घ्यायला लावतो.

पास, म्हणजे एकदाच पैसे भरून ठरावीक दिवस गाड्यांनी फिरायची मुभा, मुळातच वाईट आहे असं नाही. स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया असे तीन-चार देश लांबलांबचे टप्पे घेत पालथे घालायचे असतील, तर तो वसूल होऊ शकतो. पण रोम, फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या, राव्हेना, व्हेनिस अशी जुनी शहरं बघणाऱ्याचं गणित वेगळं. ही शहरं एकमेकांपासून फार लांब नाहीत आणि इटलीतली साधी गाडी स्वस्त आहे.

तिथे गाड्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. पहिल्या वेगवान: त्रेनइतालिया या सरकारी कंपनीची फ्रेच्चारोस्सा आणि २०१२पासून तिच्याशी स्पर्धा करणारी खासगी इतालो. यांचे दर विमानासारखे मागणीनुसार वर-खाली होतात. आधी काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी महाग. सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. दुसऱ्या प्रादेशिक, म्हणजे रेजोनाले. यांचं भाडं अंतरावर ठरलेलं. महिनाभर आधी काढा किंवा गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी, पैसे तेवढेच. आसन राखून ठेवायचं नसतं, त्यामुळे तिकीट संपलं असंही होत नाही. गर्दी असली तर उभं राहावं लागतं, इतकंच.

खात्री करायची असेल तर त्रेनइतालियाच्या संकेतस्थळावर फ्लॉरेन्स ते पिसा हा प्रवास एकदा उद्याच्या तारखेला आणि एकदा पुढच्या महिन्यातल्या तारखेला टाकून बघा. रेजोनालेचं भाडं दोन्हीकडे सारखंच दिसेल, १० युरोंच्या आसपास. रोम ते फ्लॉरेन्स साध्या गाडीने २५ युरोंच्या आत, तिथून प्रातोला गाडी बदलून बोलोन्या १०-१२, बोलोन्या ते व्हेनिस साधारण १५. त्यात पिसा आणि राव्हेना इथे जाऊन-येऊन धरा. सगळी बेरीज १०० युरोंच्या आत बसते. इटलीच्या पासातला सगळ्यात छोटा पास ३ दिवसांच्या प्रवासाचा. प्रौढांसाठी त्याचाच नेहमीचा दर १०० युरोंच्या वर आहे आणि वरचा प्रवास तीन दिवसांत मावतही नाही.

पास विकताना न सांगितली जाणारी गोष्ट पुढेच आहे. पास हातात असला तरी फ्रेच्चारोस्सात तसंच चढता येत नाही. प्रत्येक वेळी आसनाचं आरक्षण सक्तीचं आणि त्याचे १० युरोंच्या वर वेगळे पैसे. म्हणजे ‘मनात येईल त्या गाडीत बसा’ हे आश्वासन ज्या गाड्यांसाठी लोक पास घेतात, तिथेच लागू नाही. ज्या गाड्यांत ते लागू आहे, त्या पासाशिवायही स्वस्तच आहेत.

‘पण साधी गाडी वेळ खाते!’ खाते. रोम-फ्लॉरेन्सला वेगवान गाडी दीड तास घेते, साधी साडेतीन-चार. ज्याला वेळ वाचवायचा आहे त्याने त्या एका टप्प्याचं वेगवान गाडीचं तिकीट महिनाभर आधी काढावं, ते बऱ्याचदा साध्या भाड्याच्या जवळपास मिळतं. मला स्वतःला मात्र तो साडेतीन तासांचा रस्ता जास्त आवडतो, कारण ती गाडी ओर्व्हिएतोला थांबते. ओर्व्हिएतोपर्यंतचं आणि तिथून पुढचं अशी दोन वेगळी तिकिटं काढायची, स्टेशनासमोरच्या फ्युनिक्युलरने, म्हणजे तारेने चढावर ओढल्या जाणाऱ्या गाडीने, कड्यावरच्या गावात जायचं, सोनेरी मोझेइकने मढवलेला कॅथेड्रलचा दर्शनी भाग डोळे भरून बघायचा आणि दुपारच्या गाडीने पुढे निघायचं. गटासोबत फिरणाऱ्याला हे जमणं कठीण.

एक खबरदारी मात्र घ्याच. रेजोनालेचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी स्टेशनावरच्या छोट्या यंत्रात सरकवून त्यावर तारीख-वेळेचा ठसा उमटवावा लागतो. मोबाइलवर तिकीट काढलं असेल तर चेक-इन करावं लागतं. हे विसरलात तर खिशात तिकीट असूनही दंड भराल. तपासनीस ‘मला माहीत नव्हतं’ ऐकून घेईलच असं नाही.

संप झाला की अडकून पडतो, हाही असाच एक धसका. इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते आधी जाहीर करावे लागतात. आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. त्या वेळेत निघा.

रेल्वे सोडूनही इटलीबद्दल असे ठाम गैरसमज बरेच आहेत. पॅकेज घेतल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, हे साफ खोटं. शेंगेन व्हिसासाठी एकट्या प्रवाशाला अर्ज करता येतो. प्रवासाचा आराखडा, राहण्याची सोय, पुरेसे पैसे असल्याचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे.

मोठी कला बघायला मोठी तिकिटं लागतात? रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये काराव्हाज्जोची तीन चित्रं आणि सान पिएत्रो इन व्हिंकोलीमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा फुकट बघता येतो. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांना तिकीट नसतं. त्या दिवशी रांगा मोठ्या असतात, लवकर जा.

पाणी विकतच घ्यावं लागतं, हेही चूक. रोमच्या रस्त्यांवर दोन हजारांहून जास्त नळ अखंड वाहतात, पाणी पिण्यायोग्य आहे. बाटली सोबत ठेवा.

व्हेनिस शहरात शिरायला सगळ्यांनाच प्रवेशशुल्क भरावं लागतं, असंही नाही. ते २०२४पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना आहे. शहरात मुक्काम करणाऱ्याला माफ आहे, फक्त त्याची नोंद आधी ऑनलाइन करून ठेवायची.

शाकाहारी माणूस उपाशी राहतो, हेही खरं नाही. पित्झा मारिनारात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, एवढंच असतं. पिसाकडे हरभऱ्याच्या पिठाची चेचिना मिळते. अडचण आहे ती वेगळीच आणि ती कुणी सांगत नाही: पार्मिजानो रेज्जानो चीज नियमानेच वासराच्या जठरातल्या विरजणाने बनतं आणि ते पास्त्यावर न विचारता भुरभुरलं जातं. कडक शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असं सांगा.