नाव अबिसिनियाचं

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात भाजीवाल्यांच्या गाड्यांखाली एक मातकट मांजरी वावरते. पाठीवर पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. लांबून वाळक्या गवताच्या रंगाची. पाय नि शेपटी तेवढी पट्टेरी. परवा कोथिंबीर निवडत होतो, तेव्हा ती पोटरीला अंग घासून गेली आणि मला मलिक अंबर आठवला. कसा, ते सांगतो.

मांजरांच्या प्रदर्शनांत ‘अबिसिनियन’ ही जात मोठ्या मानाची. सडपातळ, मोठ्या कानांची, एका जागी न बसणारी. तिची खरी ओळख केसात. एकेका केसावर फिकट-गडद रंगाचे आडवे पट्टे असतात, त्यामुळे, आमच्या औरंगपुऱ्यातल्या मांजरीसारखीच, अंगावर नक्षी उमटत नाही, नुसती झाक मारते. हा गुण डीकेके-4 या जनुकातल्या बदलामुळे येतो, हे 2021 मध्ये सापडलं.

नाव पडलं ते 1868च्या अबिसिनियावरच्या, म्हणजे आजच्या इथिओपियावरच्या, इंग्रजी मोहिमेवरून. तिथून परतलेल्यांनी ‘झुला’ नावाची मांजरी विलायतेत नेली, अशी कथा आहे. गंमत म्हणजे त्या मोहिमेचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई लष्कराचाच मुख्य, आणि फौजही बरीचशी मुंबईहूनच जहाजांवर चढली. त्याआधी, 1830च्या दशकात, हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयानं असंच एक पेंढा भरलेलं मांजर घेतलं होतं. त्याच्या चिठ्ठीवर मूळ देश लिहिलाय भारत. जनुकांचे अभ्यासही हिंदी महासागराच्या किनाऱ्याकडेच बोट दाखवतात. मांजर बहुधा आपल्या बाजूचं, नाव अबिसिनियाचं. आणि आमचं गाव? 1610च्या सुमारास इथं खडकी वसवली ती अबिसिनियात जन्मलेल्या मलिक अंबरनं!

मांजरांच्या नावांवर विश्वास ठेवू नये, हे मी यातून शिकलो. ‘बॉम्बे’ नावाचं काळंभोर, चकचकीत कातड्याच्या बुटासारखं मांजर मुंबईनं जन्माला घातलेलं नाही. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकीत निकी हॉर्नर या बाईंनी ते मुद्दाम घडवलं; भारतातल्या काळ्या बिबट्याची छोटी आवृत्ती त्यांना हवी होती. मुंबईचं नाव 1995 मध्ये बदललं, मांजर अजून बॉम्बेच. ‘हिमालयन’ही तसलंच, पर्शियन आणि सयामी यांचा संकर. त्यातल्या सयामीचं अंग म्हणजे तापमापक: पिल्लं पांढरी जन्मतात, मग कान, नाक, पंजे, शेपूट असे थंड राहणारे भाग काळवंडतात.

शहरात हौस मात्र पर्शियनची. ते चपटं तोंड माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलंय. त्यापायी श्वास घुरघुरतो, डोळे गळतात. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोगही या जातीत बराच आढळतो. त्यामागचा जनुकदोष 2004 मध्ये कळला, चाचणीही होते. पिल्लू घेताना त्याच्या आईबापाची चाचणी झालीय का, एवढं तरी विचारावं. शिवाय रोज विंचरलं नाही तर केसांच्या जटा होतात, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात तो लोकरी अंगरखा! मला तरी ही हौस पटत नाही.

भाजीवाल्या मावशींना मी त्या मांजरीच्या केसांचं सगळं पुराण ऐकवलं. त्यांनी काट्यात वांगी टाकत विचारलं, “उंदीर धरती, आजून काय पायजे?”

घरी आल्यावर पँटला चिकटलेला तिचा एक केस खिडकीपाशी उजेडात धरला. फिकट, गडद, फिकट, गडद.