केळीचं थंडीशी वैर

ऐका रे पोरांनो. इंग्लंडच्या दक्षिणेला ग्रेट डिक्स्टर नावाची एक बाग आहे. तिचा मालक क्रिस्टोफर लॉइड हा मोठा हट्टी माळी होता. १९९३ साली, सत्तरी ओलांडल्यावर, या पठ्ठ्यानं वडिलांच्या वेळची गुलाबवाटिका उपटून टाकली आणि तिथं लावल्या केळी नि कर्दळी! लोक हळहळले. मला विचाराल तर बरं केलं त्यानं.

पण केळ आणि थंडी यांचं वैर जुनं. आपल्या जळगावातसुद्धा पारा दहाच्या खाली गेला की नवं पान निघता निघत नाही. केळीच्या मोठ्या पानाला वाऱ्याचं फारसं भय नसतं. ते शिरांच्या मधून टराटरा फाटतं, वारा निघून जातो आणि उरलेल्या चिंध्या अन्न बनवत राहतात. त्याची खरी वैरीण म्हणजे निरभ्र रात्र. तेव्हा पान आपली ऊब आभाळाकडे उधळत असतं. छोट्या पानाला आजूबाजूची हवा त्यातली थोडी परत देते. मोठ्या पानाला मात्र संथ हवेचा जाड थर चिकटलेला असतो, त्यामुळे ही भरपाई अपुरी पडते. हवा शून्याच्या वर असतानाही पान गोठू शकतं, ते यामुळेच. २०१७ साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या साडेसात हजारांहून जास्त जातींची पानं तपासली, तेव्हा थंड मुलखात पानाच्या आकाराला रात्रच लगाम घालते, असं दिसलं.

मग लॉइडची केळ जगली कशी? खुंट आडवा कापून बघा. आत एकात एक बसलेली सोपटं आणि प्रत्येकात हवेचे बारीक कप्पे. म्हणजे ते खोड नव्हेच! खरं खोड जमिनीखालचा कंद. वरचं सगळं काळं पडून लिबलिबीत झालं, तरी मातीच्या उबेत कंद तगतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा फुटतो. खुंटही वाचवायचा असेल, तर तिथले माळी थंडीआधी पानं छाटून त्याला पेंढ्याची गोधडी गुंडाळतात.

अशा बागांत लावतात ती जात बहुधा मुसा बास्जू, मूळ चीनची. उन्हाळा चांगला मिळाला तर तिला केळीही लागतात, पण गर नावाला आणि बियाच फार. तिथं ती लावतात फक्त पानांसाठी.