जुळ्यांचा आकडा

बुद्धी उपजत असते की संगोपनाने घडते, हा प्रश्न वरवर पाहता तत्त्वज्ञांच्या वादाचा वाटेल. परंतु जेथे लक्षावधी मुलांना सार्वजनिक खर्चाने शिकवावयाचे असते, तेथे तो द्रव्याचा प्रश्न होतो. बुद्धी जन्मतःच ठरलेली असेल, तर मागे पडलेल्या मुलांवर अधिक पैसा खर्च करणे व्यर्थ होय, असे म्हणणारे पुढे येतात. हा तर्क मुळातच लंगडा आहे. दृष्टिदोष आनुवंशिक असला तरी चष्म्याने त्याचे निवारण होतेच. तथापि असे तर्क चालतात, आणि त्यांना आधार म्हणून आकडे लागतात.

असे आकडे मिळविण्याचा एक मार्ग जुळ्यांच्या अभ्यासाचा आहे. एकाच फलित बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ एकच असतो. अशा जुळ्यांची बालपणीच ताटातूट होऊन ती निरनिराळ्या घरी वाढली, आणि तरीही त्यांच्या बुद्धिमापनाचे गुण एकमेकांशी जुळले, तर त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असावा असे अनुमान निघते. हा मेळ सहसंबंधांकाने मोजतात. पूर्ण मेळ असल्यास तो १ असतो. मुळीच नसल्यास ०. दूर वाढलेली जुळी फारच विरळा सापडतात, हीच या अभ्यासातील खरी अडचण होय.

लंडनचे मानसशास्त्रज्ञ सर सिरिल बर्ट यांच्यापाशी मात्र ती विपुल होती, असे समजले जाई. १९१३ मध्ये लंडन कौंटी कौन्सिलने त्यांना शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ नेमले. १९४६ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९५५ मध्ये त्यांनी दूर वाढलेल्या २१ जोड्यांची माहिती दिली. सामूहिक बुद्धिचाचणीतील सहसंबंधांक होता ०.७७१. १९५८ मध्ये जोड्या तीसाहून अधिक झाल्या, सहसंबंधांक ०.७७१. १९६६ मध्ये जोड्या ५३ झाल्या. सहसंबंधांक पुन्हा ०.७७१. एकत्र वाढलेल्या जुळ्यांचा अंकही तिन्ही वेळा ०.९४४ असाच होता.

वर्गात एक नवा विद्यार्थी आला तरी वर्गाच्या वजनाची सरासरी थोडी हलते. येथे जोड्यांची संख्या अडीचपट झाली, आणि तिसरे दशांशस्थळही ढळले नाही! एखादे वेळी असा योगायोग घडेलही; पण तोच पुनःपुन्हा घडावा, हे संभवनीय नाही.

या आकड्यांचा प्रवास केवळ ग्रंथालयांपुरता नव्हता. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी होई. सुमारे एक-चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी मुले ग्रामर स्कूलमध्ये जात. उरलेल्यांपैकी बहुतेकांची वाट पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामधंद्याकडे वळे. ही पद्धत जुळ्यांवरील निबंधांच्या आधीची आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु बुद्धी उपजत असते हा जो विचार तिच्या मुळाशी होता, त्याचे बर्ट हे अग्रगण्य पुरस्कर्ते होते. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत आर्थर जेन्सन यांनी मागासलेल्या मुलांसाठी चाललेल्या पूरक शिक्षणाच्या उपयुक्ततेवर शंका घेतली, तेव्हा त्यांच्या आधारांत बर्ट यांचे आकडे होते.

मग परीक्षकांनी काय केले? शास्त्रीय नियतकालिकात निबंध छापण्यापूर्वी त्या विषयाच्या अन्य जाणकारांकडून तो तपासून घेण्याचा प्रघात आहे. हे तज्ज्ञपरीक्षण निबंधातील युक्तिवाद पाहते. मूळ नोंदवह्या उघडून पाहण्याची प्रथा त्या काळी नव्हती. त्यातून लेखकाचा दबदबा मोठा. बर्ट स्वतः एका सांख्यिकी-मानसशास्त्रीय नियतकालिकाचे अनेक वर्षे संपादक होते, आणि तेथे परनावाने लिहिलेले त्यांचेच लेख छापले गेल्याचे पुढे निदर्शनास आले. न्यायाधीश आणि पक्षकार एकच असला म्हणजे निकाल काय लागावयाचा?

१९७१ मध्ये बर्ट निवर्तले. लवकरच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन कामिन यांनी तो न हलणारा अंक हेरला. १९७४ मध्ये खुद्द जेन्सन यांनीही या विसंगती मांडून ते आकडे निरुपयोगी ठरविले. ही गोष्ट त्यांच्या पदरी जमेस धरली पाहिजे. १९७६ मध्ये ‘संडे टाइम्स’ने बनावटीचा उघड आरोप केला. चरित्रकार लेस्ली हर्नशॉ हे बर्ट यांचे चाहते. शोकसभेत गौरवपर भाषण त्यांनीच केले होते. पण १९७९ च्या चरित्रात तेही दोषारोपाशीच येऊन ठेपले. त्याचे एक कारण एका पत्रव्यवहारात होते. डिसेंबर १९६८ मध्ये अमेरिकन अभ्यासक क्रिस्टोफर जेंक्स यांनी ५३ जोड्यांचे मूळ गुण मागितले. उत्तरास कित्येक आठवडे लागले; कागद कॉलेजात असून ते सुट्टीमुळे बंद असल्याचे बर्ट यांनी कळविले. रोजनिशीत मात्र जानेवारीतील तो काळ जेंक्ससाठी जुळ्यांचे आकडे ‘काढण्यात’ गेल्याची नोंद हर्नशॉ यांना आढळली.

१९८९ आणि १९९१ मध्ये दोन ग्रंथकारांनी बर्ट यांचा कैवार घेतला, आणि १९९२ मध्ये ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने या प्रकरणी आपले कोणतेही अधिकृत मत नसल्याचे जाहीर केले. १९९० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी दूर वाढलेल्या जुळ्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा अंकही ०.७ च्या आसपास निघाला. यावरून बर्ट निर्दोष ठरतात असे कोणी म्हणतात. पण गणिताच्या उत्तरपत्रिकेत रीत न दाखविता केवळ उत्तर लिहिणाऱ्यास आपण गुण देत नाही, मग ते उत्तर बरोबर का असेना. बर्ट यांची रीत तपासण्याची सोय आता उरलेली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांची कित्येक खोकी जाळून टाकण्यात आली.