धंद्याचं गणित (लेखांक ११) : चौथा भिडू

मागच्या लेखात घरपोच इस्त्रीच्या ॲपचा हिशेब मांडला होता. मिळकत कपड्यांच्या ने-आणीतच कशी जिरते, ते आपण पाहिलं. तो वाचून पुण्याच्या एका वाचकाने स्वतःची कल्पना कळवली आहे. गृहस्थ बदलीवर आलेले, गोल्फ खेळणारे. क्लबात प्रवेश मिळाला, पण ओळखी नाहीत. बाकीच्यांचे चौघांचे कंपू वर्षानुवर्षं ठरलेले. ते विचारतात, ‘एकट्या गोल्फरला खेळायला सोबती शोधून देणारं ॲप काढलं तर चालेल का?’

अडचण खरी आहे आणि जुनीही. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्रूज म्हणजे गोल्फची पंढरी. तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळायचं तर दोन दिवस आधीच्या सोडतीत नाव घालतात, पण त्या सोडतीला किमान दोघं लागतात. मग एकटा आलेला वारकरी काय करायचा? मध्यरात्रीच जाऊन ओल्ड पॅव्हिलियनच्या दाराशी थंडीत रांग लावायचा. सकाळी तिथला गट सोडणारा माणूस, म्हणजे स्टार्टर, पाहायचा, की दोघांच्या किंवा तिघांच्या कुठल्या गटात जागा आहे. जागा असली आणि गटाची हरकत नसली, की हा आत. २०२४ मध्ये ही रांग गेली आणि एकट्यांसाठी डिजिटल सोडत आली. आदल्या दिवशी गावात हजर राहून नाव नोंदवायचं, निकाल संध्याकाळी फोनवर येतो.

या व्यवस्थेत एक गोष्ट लक्षात घ्या. रांग असो की सोडत, ‘तुमचा स्वभाव कसा, व्यवसाय काय, आवडीनिवडी कोणत्या’ असं कुणी विचारत नाही. तिथे मैत्री जुळवत नाहीत, रिकामी जागा भरतात. आपल्या वाचकाच्या कल्पनेचं सगळं गणित या फरकावर उभं आहे.

आधी माणसांचा हिशेब करू. आकडे माझे, निव्वळ अंदाजाचे. समजा, शहरातल्या ६०० गोल्फरांनी ॲप घेतलं. येत्या रविवारी त्यातले २०० खेळणार. त्यातल्या दीडशे जणांचे कंपू आधीच ठरलेले, म्हणजे सोबती हवा असलेले उरले ५०. ते तीन कोर्सवर विभागले, तर एकेका कोर्सवर सोळा-सतरा. टी-ऑफच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या, वेळा सकाळी सहा ते नऊ. कुणाला उन्हाआधी आटपायचंय, कुणाला मुलांना क्लासला सोडून यायचंय. अर्ध्या तासाचा एक गट धरला तर वाट्याला येतात तिघे. फोनवर सहाशे नावं, पण सव्वासहा वाजता पहिल्या टीवर तीनच माणसं. त्यातल्या एकाला ताप आला की उरले दोघे. अशा धंद्यात शहराची लोकसंख्या कामाची नाही. एका जागी, एका वेळी किती जण जमतात, तेवढंच मोजायचं.

दुसरा प्रश्न, जोड्या लावायच्या कशाच्या आधारावर? नवखा संस्थापक पहिलं उत्तर देईल, हँडिकॅपच्या. तिथेच तो फसेल. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा. २०२० पासून तो जगभर एकाच पद्धतीने काढतात. शेवटच्या २० फेऱ्यांमधल्या सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांची सरासरी घेतात, कमाल मर्यादा ५४. ही पद्धत मुळात आहे ती असमान खेळाडूंनी एकत्र खेळावं म्हणून. एकाचा हँडिकॅप ८ आणि दुसऱ्याचा २६ असेल, तर ढोबळमानाने दुसऱ्याला प्रत्येक होलला एक फटका सवलतीचा मिळतो आणि सामना चुरशीचा होतो. म्हणजे हँडिकॅपची दरी खेळाच्या नियमांनी आधीच बुजवलेली आहे.

जुळत नाही ते वेगळंच. १८ होलला चार-साडेचार तास लागतात, आठ-दहा किलोमीटर चाल होते. बॅडमिंटनमध्ये सोबती वाईट निघाला तर तासाभरात सुटका होते, इथे नाही. कोण प्रत्येक पटआधी (होलजवळच्या हलक्या फटक्याआधी) तीन बाजूंनी वाकून रेषा बघतो, कोण हरवलेल्या चेंडूसाठी झुडपात पाय रोवून उभा राहतो, कोण शंभर रुपयांची पैज हरला की पुढची चार होलं तोंड उघडत नाही, हे कुठल्याच फॉर्ममध्ये भरून मिळत नाही. ‘तुम्ही संथ खेळता का?’ या प्रश्नाला आजवर कुणी ‘हो’ म्हटलेलं नाही.

हे सगळं ज्याला तोंडपाठ असतं तो माणूस क्लबावर असतोच. कॅडी मास्टर, म्हणजे गोल्फरांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींचा मुकादम. त्याला घसघशीत नमस्कार केला तर तो तुम्हाला बरोबर गटात सरकवून देतो, आणि कुणाला कुणाबरोबर पाठवायचं नाही, हेही त्यालाच ठाऊक असतं. वाचकमहाशयांचा खरा प्रतिस्पर्धी दुसरं ॲप नाही, हा माणूस आहे. आणि त्याच्या जोडीला फुकटचा व्हॉट्सॲप ग्रुप.

व्हॉट्सॲपवरून तिसरी अडचण निघते, आणि ती सर्वांत अवघड आहे. समजा, ॲपने उत्तम काम केलं. चौघांचं सूत जुळलं, अठराव्या होलनंतर चहा झाला, नंबर घेतले गेले. पुढच्या रविवारी ॲप उघडेल कोण? वधू-वर सूचक मंडळाचंही असंच असतं. लग्न जमलं की स्थळ वहीतून खोडायचं. पण मंडळाचा शहाणपणा असा, की ते नोंदणी फी आधीच घेतं, आणि उपवर मुलं-मुली दरवर्षी नव्याने येतच राहतात. गोल्फमध्ये नवे येणारे मोजके. शिवाय एकदा चौकडी जमली की ती वीस-वीस वर्षं टिकते.

मग पैसे कुठे आहेत? पुन्हा सेंट अँड्रूजकडे चला. पैसे रिकाम्या जागेत आहेत. तिघेच निघाले तर चौथ्याची ग्रीन फी बुडाली. एसटी सुटल्यावर रिकाम्या सीटचं तिकीट विकता येत नाही, तसंच. दर दहा मिनिटांनी एक गट सोडला तर सहा ते नऊमध्ये १८ गट, म्हणजे ७२ जागा होतात. त्यातल्या १२ रिकाम्या गेल्या आणि फी ३,००० रुपये धरली, तर एका सकाळचं नुकसान ३६,००० रुपये. त्यातल्या निम्म्या जागा जरी कुणी भरून दिल्या, तरी कोर्सचा मॅनेजर त्याला आनंदाने १५ टक्के देईल. २,७०० रुपये झाले. गोल्फरच्या खिशातून महिन्याचे २०० रुपये काढण्यापेक्षा हे सोपं.

अमेरिकेतल्या ‘गोल्फनाऊ’ने हेच हेरलं. कोर्सना बुकिंगची यंत्रणा द्यायची, आणि मोबदल्यात रोख न घेता काही टी-टाइम स्वतः विकायला घ्यायचे. तिथे कोर्स सुमारे १६ हजार, आणि चारांतले तीन सर्वांना खुले. एकट्याने एक जागा बुक केली की स्टार्टर त्याला अनोळखी तिघांबरोबर सोडून देतो. सोबती शोधणारं वेगळं ॲप तिथे फारसं लागतच नाही, कारण सोबती तिकिटाबरोबरच येतो.

आपल्याकडे उलटं आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब असो की येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, ही सभासदांची ठिकाणं. पाहुण्याला सभासदाचं बोट धरून यावं लागतं. सिडकोच्या खारघर कोर्ससारखी खुली जागा विरळाच. म्हणजे ॲपने पुण्याच्या गोल्फरची गाठ मुंबईच्या गोल्फरशी घालून दिली, तरी दोघे खेळणार कुठे? जिथे दारं उघडी, तिथे ॲपची गरज नाही, आणि जिथे गरज आहे, तिथे दारं बंद.

या चिमटीतून एक फट दिसते. क्लबाच्या आतच नवे सभासद असतात, बदलीवर आलेले असतात, नुकत्याच शिकलेल्या बायका आणि मुलं असतात. प्रवेश आहे, पण चौकडी नाही, अशी ही मंडळी. एक क्लब म्हणजे एकच कोर्स, तेव्हा आपला मघाचा तिनाने भागाकार इथे करावा लागत नाही. ग्राहक मात्र गोल्फर नाही, क्लबाचा सेक्रेटरी. आणि ॲप द्यायचं ते कॅडी मास्टरच्या हातात. ‘ओपनटेबल’ने १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असंच केलं होतं. आधी रेस्टॉरंटची आरक्षणाची वही संगणकावर आणली, जेवणाऱ्यांची गर्दी नंतर जमली. आधी वही, मग बाजार.

म्हणून वाचकमहाशयांना माझा सल्ला असा, की प्रोग्रॅमर शोधू नका. सहा रविवार पहाटे कॅडी मास्टरशेजारी एक वही घेऊन बसा. किती गट तिघांचेच निघाले, किती माणसं एकटी आली, आणि त्यातल्या किती जणांना गटांनी ‘या’ म्हटलं, हे तीन रकाने भरा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर धंदा नाही, हे शंभर रुपयांच्या वहीत कळेल. आणि भरला, तर निदान सातव्या रविवारी तुम्ही तरी एकटे खेळणार नाही.

(पुढच्या लेखात : घरगुती डब्यांचं ॲप, आणि रविवारी डबा का बंद असतो याचं अर्थशास्त्र.)