आवराआवरीतल्या चुका

मार्च २०१७ मध्ये अलेक्झांडर पोपोव्ह या सुरक्षा संशोधकाने लिनक्समधली एक चूक जाहीर केली. ती होती एन-एचडीएलसी नावाच्या ड्रायव्हरमध्ये. सिरियल लाइनवरून एचडीएलसी पद्धतीने डेटा पाठवणारा हा तुकडा. घरच्या लॅपटॉपला त्याचं काही काम नाही, पण अनेक डिस्ट्रिब्युशनांमध्ये तो मॉड्यूल म्हणून तयार असायचा आणि साध्या वापरकर्त्याच्या एका मागणीवर आपोआप मेमरीत चढायचा. चढला की त्याच्यातल्या फटीतून तो वापरकर्ता थेट रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता.

फट २२ जून २००९ पासून तिथे होती. त्या दिवशीच्या बदलाचा हेतू चांगला होता: न पाठवलेला, साचलेला डेटा टाकून देण्याची सोय करणं. पाठवताना अडचण आली तर पुन्हा प्रयत्न करता यावा म्हणून हा ड्रायव्हर अर्धवट राहिलेल्या बफरचा पत्ता बाजूला लिहून ठेवायचा. आता पाठवणारा थ्रेड (समांतर चालणाऱ्या कामांपैकी एक) तो पत्ता उचलून, काम झालं म्हणून बफर मोकळ्या यादीत टाकणार, आणि नेमकं त्याच क्षणी साफसफाई करणारा थ्रेडही तोच पत्ता वाचून तोच बफर त्याच यादीत टाकणार. एकच बफर यादीत दोनदा. पुढे ड्रायव्हर बंद होताना तीच मेमरी दोनदा मोकळी केली जाते, आणि हल्लेखोराला तेवढंच हवं असतं. दोन थ्रेडांपैकी आधी कोण पोहोचतं यावर निकाल बदलतो, म्हणून याला रेस कंडिशन म्हणतात.

पोपोव्ह यांच्या दुरुस्तीत पाहण्यासारखं हे की त्यांनी तो बाजूला लिहिलेला पत्ताच काढून टाकला. घरगुती बनावटीची यादी जाऊन कर्नलची प्रमाण यादी आली आणि अडलेला बफर मुकाट्याने रांगेच्या तोंडाशी परत जाऊ लागला. (हा कर्नल लष्करातला नव्हे; ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.)

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स प्रसिद्ध केलं तेव्हा प्रोसेसर एकच असायचा आणि अशी भांडणं कमी होती. अगदीच नव्हती असं नाही. एखाद्या उपकरणाचा इंटरप्ट, म्हणजे ‘आधी माझ्याकडे बघ’ अशी हाक, मधेच येऊन ड्रायव्हरच्या हातातलं काम विस्कटू शकत होता. त्यावर उपाय सोपा होता: नाजूक काम चालू असेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवायचे. एका प्रोसेसरच्या जगात तेवढं पुरत होतं.

जून १९९६ मध्ये आवृत्ती २.० आली आणि लिनक्स एकापेक्षा जास्त प्रोसेसरवर चालू लागलं. त्यामागे ॲलन कॉक्स यांची मेहनत होती. तोवरचा सगळा कोड मात्र एकाच प्रोसेसरच्या भरवशावर लिहिलेला. मग सगळ्या कर्नलला मिळून एकच कुलूप लावलं गेलं: बिग कर्नल लॉक. वाड्यात बारा बिऱ्हाडं आणि किल्ली फक्त दिंडी दरवाजाची, अशी ती व्यवस्था. एक प्रोसेसर आत शिरला की बाकीचे ओसरीवर. सुरक्षित होतं, आणि संथही.

पुढची पंधरा वर्षं हे कुलूप काढण्यात गेली. इतका वेळ लागण्याचं कारण त्याच्या विचित्र स्वभावात आहे. एकाच थ्रेडने ते पुन्हापुन्हा घेतलं तरी चालायचं. थ्रेड झोपला की ते आपोआप सुटायचं आणि जाग आली की आपोआप परत हातात यायचं. त्यामुळे कुठल्या ड्रायव्हरला त्याची खरी गरज आहे आणि कुठला ते सवयीने धरून बसलाय, हे कोड वाचूनही कळत नसे. २००५ मध्ये आवृत्ती २.६.११ पासून ड्रायव्हरना या कुलपाविना आयऑक्टल (उपकरणाला दिलेल्या खास आज्ञा) हाताळण्याची वाट मिळाली. त्या वाटेने सगळे लगेच गेले असं मुळीच नाही.

खरा धक्का २००८ मध्ये बसला. सेमाफोरच्या, म्हणजे वाट पाहणाऱ्याला झोपवणाऱ्या कुलपाच्या, कोडची साफसफाई झाली आणि एआयएम ७ या चाचणीत वेग सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. शोध घेतला तर गुन्हेगार तेच जुनं कुलूप निघालं, कारण तेव्हा ते सेमाफोरवर बेतलेलं होतं. टोरवाल्ड्स यांनी ते पुन्हा स्पिनलॉक (वाट पाहणाऱ्याला न झोपवता जागं ठेवणारं कुलूप) केलं आणि इन्गो मोलनार यांनी ते समूळ काढण्याची मोहीम उघडली. जोनाथन कॉर्बेट यांनी ड्रायव्हर उघडण्याच्या वाटेवरचं हे कुलूप वरून काढून एकेका ड्रायव्हरच्या आत ढकललं. वरकरणी हा द्राविडी प्राणायाम वाटतो; पण कुलूप आपल्या घरात आल्यावरच प्रत्येक ड्रायव्हरला विचारता आलं की बाबा, तुला हे कशाला लागतं? शेवटचे अवशेष आर्न्ड बर्गमन यांनी काढले आणि मे २०११ च्या २.६.३९ आवृत्तीत बिग कर्नल लॉक उरलं नाही.

एका कुलपाच्या जागी हजारो कुलपं आली. त्यांची वेगळीच डोकेदुखी असते. एकाने पहिलं धरून दुसऱ्याची वाट पाहायची, दुसऱ्याने दुसरं धरून पहिल्याची, आणि दोघेही जागच्या जागी. सप्टेंबर २००६ मधल्या २.६.१८ पासून लॉकडेप हे साधन कुलपं कुठल्या क्रमाने घेतली जातात याची नोंद ठेवू लागलं. अशी कोंडी प्रत्यक्ष झाली नसली तरी होऊ शकते, एवढं ते सांगतं.

गंमत अशी की या कोंडीच्या भीतीनेच नव्या रेस कंडिशन जन्माला आल्या. विविड हा व्हिडिओ ड्रायव्हर प्रत्यक्ष कॅमेरा नसताना कॅमेऱ्याचं सोंग आणतो. चाचण्यांसाठी बनवलेला आहे. चित्रण थांबवताना त्याला कुलूप धरून आपल्या थ्रेडची वाट पाहावी लागे, आणि त्या थ्रेडला तर तेच कुलूप हवं असे. म्हणून थांबवणारं फंक्शन कुलूप क्षणभर सोडून द्यायचं. त्या क्षणात दुसरा कुणी वाचक आत शिरून बफरांची रांग हलवू शकत होता. २०१४ च्या ३.१८ आवृत्तीपासूनची ही चूक, तीन ठिकाणी जशीच्या तशी, २०१९ मध्ये पुन्हा पोपोव्ह यांनीच पकडली. दुरुस्तीनंतर थांबवणारा कुलूप सोडत नाही. थ्रेड ते घेऊन पाहतो, मिळालं नाही तर जरा थांबून पुन्हा पाहतो.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. एन-एचडीएलसी डेटा टाकून देताना फसला, विविड चित्रण थांबवताना. ड्रायव्हर लिहिणारा उपकरण सुरू करण्याचा रस्ता शंभरदा चालून पाहतो. आवराआवरीचा रस्ता मात्र घाईत लिहिलेला असतो आणि त्यावरून फारसं कुणी जात नाही. टायमरचंही तेच. ड्रायव्हर निघताना टायमर बंद करतो, पण रांगेत उरलेलं एखादं काम तो पुन्हा लावून ठेवतं. मेमरी परत गेल्यावर घंटा वाजते आणि उत्तर द्यायला घरात कुणीच नसतं. फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ आवृत्तीत टायमर कायमचा मिटवणारं फंक्शन आलं. त्यानंतर कुणी तो लावायला गेलं तरी लागत नाही. इतका साधा उपाय यायला तीन दशकं लागली.

दरम्यान चुका शोधण्याचं काम यंत्रांकडे गेलं होतं. गूगलमधला सिझकॉलर कर्नलवर चित्रविचित्र मागण्यांचा मारा करतो; एन-एचडीएलसीची फटही त्यानेच दाखवली होती. केसीसॅन हे दुसरं साधन मेमरीच्या एका जागेवर पाळत ठेवतं, किंचित थबकतं आणि तेवढ्यात तिथे दुसऱ्या कुणाचा हात पडला का ते पाहतं. २०१९ मध्ये दोन दिवसांच्या चाचणीत त्याने ३०० हून अधिक वेगवेगळ्या रेस काढल्या. त्यातल्या सगळ्याच घातक असतात असं नाही, त्यामुळे कुठली खरी नि कुठली निरुपद्रवी यावर वादही झडतात. २०२० च्या ५.८ पासून ते कर्नलचाच भाग आहे.

दुसरी आशा रस्ट भाषेवर. कुलूप न घेता डेटाला हात लावला तर तिचा कंपायलर कोड पुढेच जाऊ देत नाही. डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये ती कर्नलमध्ये आली आणि २०२५ च्या ६.१८ मध्ये अँड्रॉइडमधल्या ॲप्सचं आपसातलं बोलणं वाहणारा बाइंडर ड्रायव्हरही रस्टमध्ये दाखल झाला. २०२५ च्याच डिसेंबरात कर्नलमधल्या रस्ट कोडला पहिला सीव्हीई क्रमांक (सुरक्षेतल्या चुकांच्या जाहीर यादीतला) मिळाला, आणि कारण होतं रेस कंडिशन. चूक अनसेफ म्हणून खूण केलेल्या भागातली, म्हणजे जिथे कंपायलर माणसाच्या शब्दावर विसंबतो तिथली. घटक एकतर आपल्या नोडच्या (बाइंडरमधल्या एका नोंदीच्या) यादीत असेल किंवा कुठल्याच यादीत नसेल, असा तो शब्द होता. पण नोड मोडताना कोड सगळे घटक तात्पुरत्या यादीत हलवायचा आणि कुलूप सोडून मग ती यादी रिकामी करायचा. तेवढ्यात दुसरा थ्रेड त्यातलाच घटक काढायला आला की दुवे तुटून कर्नल कोसळायचा. दुरुस्तीत ती तात्पुरती यादी गेली. आता घटक मूळ यादीतूनच एकेक करून निघतात.